दादाचं कार्ड

आमच्या नागपूरच्या घरात पुढच्या खोलीत पूर्वी बाबांचा हातमाग होता. मी शाळेत असेपर्यंत त्याचा खटखटाट ऐकतच आम्ही उठायचो. पुढे पॉवरलूमच्या साड्या आल्या, सूत वेळेवर मिळेनासं झालं आणि गल्लीतले माग एकेक करून थांबले. बाबांनीही माग मोडून लाकूड विकलं, मागाखालचा पाय सोडून बसायचा खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि वर फरशी घातली. ते मग विणकरांच्या सोसायटीत नक्षी काढायच्या कामाला लागले. चौकटीच्या कागदावर साडीचा काठ काढायचा, एकेक चौकोन शिसपेन्सिलीनं भरत.

त्या फरशीवर दादानं टेबल मांडलं आणि टेबलावर कॉम्प्युटर.

दादा माझा मोठा भाऊ. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून तो शहराबाहेर हिंगण्याच्या एका कारखान्यात मशिनरीच्या दुरुस्तीवर होता. कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर एका पावसाळ्यात वीज कमीजास्त होऊन जळला. साहेबांनी नवा मागवला, जुना भंगारात काढला. दादानं तो मागून घेतला. कंपनीच्या टेम्पोतून शहरातल्या बर्डीपर्यंत आणि तिथून सायकलरिक्षानं तो घरी आला, तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि आमच्या गल्लीत कुणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. समोरच्या काकांनी ओट्यावरून विचारलं, "टीव्ही आणला का गा?"

"टीव्हीच समजा काका," दादा म्हणाला. "पण ह्याच्यात आपणच दाखवाचं अन् आपणच पाहाचं."

दोन महिने तो ते मशीन उघडून बसायचा. जळलेले भाग बदलून एके रविवारी त्यानं ते चालू केलं आणि पडद्यावर हळदीसारखी पिवळी अक्षरं उमटली. मी तेव्हा गणित घेऊन बी.एस्सी. करत होते. त्यानं मला झाकण उघडून आतली एक हिरवी पाटी दाखवली. हातभर नव्हे, वीतभर लांब. तिच्यावर काळ्या चिप्स ओळीनं बसवलेल्या.

"हे डिस्प्ले कार्ड," तो म्हणाला. "मशीन जे म्हणते, ते हे पडद्यावर काढून दाखवते. हे नसलं तर मशीन आतल्या आतच बोलत राहीन."

त्या कार्डाला एकच रंग यायचा, तो हळदीचा. पण ठिपके बारीक होते आणि दादाला तेच हवं होतं. बाबांच्या चौकटीच्या कागदावर जे चौकोन, ते पडद्यावर ठिपके करायचे, एवढी त्याची कल्पना. पहिल्या शिफ्टवरून आला की जेवून तो टेबलाशी बसायचा. बाबा सोसायटीतून लवकर येऊ लागले. लोखंडी खुर्ची ओढून ते त्याच्या शेजारी बसत आणि मांडीवर कागद धरून एकेक चौकोन, त्यांच्या भाषेत घर, सांगत. चारसहा इंचांचा नमुना भरून झाला की दादा एक कळ दाबायचा, आणि तोच नमुना पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत जायचा. काठ कसा दिसेल ते कळायला पूर्वी वीतभर विणून पाहावं लागे. आता बाबा खुर्चीवरून बघत आणि म्हणत, "बाबू, कुइरीचं पोट जड झालं. एक घर काढ."

दादाला ते बाबूच म्हणायचे.

सुरुवातीला चित्र फार सावकाश उमटायचं. म्हणून दादानं चित्र काढायचा भाग मशीनच्या भाषेत लिहिला, थेट त्या कार्डाच्या मेमरीत ठिपके ठेवणारा. तो मला समजावून सांगायचा. बाकीचा प्रोग्रॅम मला कळे, हा भाग कळत नसे. मी एकदा विचारलं, "अन् उद्या दुसरं कार्ड लावलं तर?"

"तर काहीच दिसणार नाही. हे ह्याच कार्डासाठी आहे."

"मंग?"

"मंग तेव्हाचं तेव्हा पाहू न."

प्रोग्रॅम चालू झाला की सगळ्यांत आधी एक काठ उमटावा, असं त्यानं केलं होतं. आईच्या लग्नातल्या टसरच्या साडीचा करवती काठ, करवतीच्या दातांसारखे त्रिकोण एकाला एक लागून. ती साडी पेटीतून काढून, आईला उजेडात धरायला लावून त्यानं घरं मोजली होती. डावीकडून उजवीकडे तो काठ हळूहळू पुढे सरके. आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात येई.

"माह्याच साडीचा हाये न हा?"

"तुह्याच," दादा दर वेळी म्हणायचा. काठ पुरा होईस्तोवर ती थांबायची आणि मग चुलीकडे जायची. तिला अक्षरओळख नव्हती. त्या मशीनमधलं तिला वाचता येईल असं तेवढंच होतं.

इतवारीच्या बाजारातले एक साडीवाले शेठ सोसायटीकडून माल घेत. त्यांनी हे पाहिलं आणि ते दादाकडून काठांचे नमुने प्रिंटरवर छापून नेऊ लागले. बाबांनी माग विकल्यापासून आमच्या घरात कामाचं बोलणंच बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं.

मग तो मे महिना आला. नागपूरचं ऊन आम्हाला नवं नव्हतं. दुपट्टा बांधून, पाणी पिऊन लोक कामावर जातात आणि येतात. दादाही जायचा. त्या दिवशी कारखान्यातलं एक मशीन बंद पडलं म्हणून तो शिफ्ट संपल्यावर थांबला आणि कंपनीची बस निघून गेली. सोबत्याची मोटरसायकल घेऊन तो भर दुपारी हिंगण्याहून आला. दारात गाडी लावताना त्याचा तोल गेला, ते आईनं पाहिलं.

"डोकं ठणकून राहिलं," एवढंच तो म्हणाला. आईनं कैरीचं पन्हं दिलं. दोन घोट घेऊन त्यानं पेला ठेवला आणि कूलरसमोर चटईवर पडला. थोड्या वेळानं मी कपाळाला हात लावला तर तव्यासारखं गरम, आणि घामाचा टिपूस नाही. आम्ही ओल्या चादरी घातल्या, बादल्या ओतल्या. तो असंबद्ध बोलायला लागला. समोरच्या काकांनी रिक्षा आणली. दवाखान्यात वार्डभर उन्हाचेच रोगी होते, जमिनीवरसुद्धा गाद्या टाकलेल्या. आई त्याच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली आणि हाका मारत राहिली. दिवेलागणीच्या सुमारास डॉक्टरांनी तिचा हात धरून तांब्या खाली ठेवायला लावला.

दादा अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्यानंतर घरात कुणी त्याच्याविषयी बोललं नाही. आम्ही ठरवून तसं केलं नव्हतं. बाबा सोसायटीत जात, येत, जेवत. पुढच्या खोलीत मात्र ते बसत नसत, तिच्यातून नुसते बाहेर जात. कॉम्प्युटरवर आईनं जुनं लुगडं झाकून टाकलं होतं.

दिवाळीच्या आधी शेठ आले. दादाच्या हातचे दोन काठ अर्धे राहिले होते. शेठनी घाई केली नाही, चहा घेतला, आईला नमस्कार केला आणि जाताना मला म्हणाले, "बेटी, तुले येते का ते चालवता?" मी येतं म्हटलं. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लुगडं काढलं आणि बटण दाबलं. मशीन चालू होताना एकदा टीं करतं. तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. धावत आली आणि खुर्चीत मला पाहून उंबऱ्यातच थांबली. करवती काठ पडद्यावर सरकू लागला होता. तो उजव्या कडेला पोचेपर्यंत ती उभी राहिली, मग परत गेली.

नंतर ती रोज यायची. मी सकाळी शिकवण्या घेई आणि दुपारी टेबलाशी बसे. बाबांनी मला शेजारी बसून कधी काही सांगितलं नाही. पण सोसायटीत जाण्यापूर्वी ते चौकटीचा कागद टेबलावर ठेवून जाऊ लागले. मी तो मशीनमध्ये भरायची, छापायची आणि छापलेला कागद त्यांच्या ताटाजवळ ठेवायची. रात्री त्यावर पेन्सिलीच्या खुणा झालेल्या असत. असं आमचं काम चाले.

पुढच्या उन्हाळ्यात कार्ड बिघडायला लागलं. आधी पडद्यावर तांदूळ सांडल्यासारखे ठिपके दिसत. मग काठाच्या रेषा मध्येच वाकत, एखादा दात दुसऱ्याच्या अंगावर पडे. दादाचा पॉलिटेक्निकचा मित्र बर्डीवर रेडिओ, टीव्ही आणि आता कॉम्प्युटरही दुरुस्त करायचा. तो आला, कार्ड काढलं, त्याच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरून पेन्सिलीचं रबर फिरवलं, परत बसवलं. चित्र साफ झालं. आठवडाभरानं पुन्हा तेच. मग त्यानं दोन चिप्स बदलल्या. मी झाकण काढून ठेवलं आणि टेबलफॅन थेट आत सोडला. दुपारी ऊन वाढलं की रेषा थरथरू लागत.

"ताई, हे कार्ड आता फार दिवस नाही चालत," तो म्हणाला.

"असंच दुसरं नाही मिळणार?"

"पाहतो."

त्यानं खरंच पाहिलं. ओळखीच्या ओळखीनं एक तसलंच जुनं कार्ड मिळवून आणलं. लावलं तर पडदा काळा. ते आधीच मेलेलं होतं.

त्याच सुमारास शेठ पुन्हा आले. "ह्या पिवळ्या पडद्यावर मी गिऱ्हाइकाले काय दाखवू? सुरतचा माणूस रंगीत पुस्तक घेऊन येते. लाल पाहिजे तर लाल, जांभळा पाहिजे तर जांभळा." त्यांच्या पुतण्याच्या ऑफिसात रंगीत कार्ड आणि रंगीत पडदा पडून होता. ते दोन्ही द्यायला शेठ तयार होते. "तू फक्त हो म्हण. विचार करून सांग."

दादाच्या मित्राला मी विचारलं, "दोन्ही कार्डं राहतील का एका मशीनमध्ये?"

"एरवी राहतात. पण त्याचा प्रोग्रॅम ह्या कार्डाची सगळी मेमरी वापरते, रंगीतवाल्याची जागासुद्धा. दोघांचं जमणार नाही."

"अन् प्रोग्रॅम बदलला तर?"

तो म्हणाला, "बाकीचा बदलता येईन. पण काढाचा भाग त्यानं कसा लिहिला, मले नाही समजत ताई. मी दोनदा बसलो. तो नवाच लिहा लागते."

म्हणजे नवं कार्ड घातलं की दादानं लिहिलेलं बंद. मी शेठना काही कळवलं नाही. काम थोडं थोडं करत राहिले, मशीन कमी वेळ चालू ठेवत राहिले. कधी वाटे, शेठचं कामच सोडून द्यावं. दिवसातून एकदा आईसाठी मशीन चालू करावं आणि झाकून ठेवावं. कधी वाटे, बाबा रोज कागद ठेवून जातात, तो त्यांचा एकच धागा उरला आहे, काम सुटलं तर तोही तुटेल. जेवताना मी बाबांना विचारलं.

"तुले जे बरं वाटते ते कर," ते म्हणाले आणि अर्धं ताट ठेवून उठले.

आई मात्र थेट बोलली. "काहून बदलते वं? चालते न अजून?"

"चालत नाही आई. थरथरते."

"थरथरू दे."

"उद्या बंदच पडलं तर?"

"उद्याचं उद्या." तिनं परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

जूनचे पहिले दिवस होते, पावसाचा पत्ता नव्हता. एका दुपारी मी मशीन चालू केलं. आई आली. काठ सरकत निघाला आणि पडद्याच्या मध्यावर थांबला. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तिथेच. कार्ड काढलं, रबर फिरवलं, बसवलं. या वेळी सुरुवातीचे दात नीट आले, पुढचे फाटले आणि सगळा पडदा ठिपक्यांनी भरून गेला. मी परत बटणाकडे हात नेला.

आईनं माझं मनगट धरलं.

"बस कर वं," ती म्हणाली. "त्या दिवशीही असंच करत होतो आपण. पानी ओत, हाक मार, पानी ओत, हाक मार. तो गेलता अन् मी त्याले सोडत नव्हती." ती पडद्याजवळ गेली, काचेवर तळवा ठेवला. ठिपके तिच्या बोटांच्या मधून दिसत होते. "बदलून टाक. आता नको त्रास देऊ."

मी तिथेच बसून रडले. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. दादा गेल्यापासून त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती.

रविवारी सकाळी मित्र नवं कार्ड आणि पडदा घेऊन आला. त्यानं जुनं कार्ड काढलं तेव्हा बाबा उंबऱ्यावर येऊन बसले. कार्ड हातात घेऊन तो जरा अवघडला.

"काकू, हे तुमच्यापाशी ठेवता का?"

"त्याचं काही कामी येते का?"

"दोनचार चिप्स येतीन. दुसऱ्या कुणाच्या मशीनले."

"मंग घेऊन जा," आई म्हणाली. त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकलं.

नव्या कार्डावर अक्षरं पांढरी आली. मित्र गेल्यावर मी दादाचा प्रोग्रॅम चालवून पाहिला. काय होणार हे मला ठाऊक होतं, तरी पाहिला. डिस्कचा लाल दिवा लुकलुकला, म्हणजे तो चालू झाला होता. पडदा काळाच राहिला. आत तो त्याच्या पद्धतीनं एकेक दात ठेवत पुढे जात असणार, आणि ते ठिपके कुठेच पोचत नव्हते. काठ पुरा व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ मी खुर्चीत बसून राहिले. मग बंद केलं. आई त्या दिवशी आली नाही, नंतरही मशीनच्या आवाजाला ती कधी आली नाही.

पावसाळाभर मी नवं लिहीत बसले. मला दादासारखं मशीनच्या भाषेत लिहिता येत नव्हतं, मी मला येत होतं तसं लिहिलं. चित्र धीमं उमटे, पण रंगात उमटे. रंग मोजकेच होते आणि भडक. प्रिंटर काळंच छापायचा, म्हणून पहिला लाल काठ बाबांना पडद्यावरच दाखवावा लागला. मी हाक मारली. ते आले, उभ्या उभ्या पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा लाल नाही. हा बर्फगोळ्यावरचा रंग आहे."

"इतकाच आहे बाबा ह्याच्यात."

"त्याच्यात काळं मिसळून पाह्य. एक घर सोडून एक."

मी मिसळलं. ते वाकून पाहू लागले. मग त्यांनी भिंतीशी ठेवलेली लोखंडी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. बाहेर पाऊस होता, खोलीत अंधारून आलं होतं. आम्ही दोघं घरं भरत होतो, ते सांगत होते, मी भरत होते. त्यांचा आवाज पूर्वीसारखा कामात शिरला होता.

"बाबू, हे एक घर मागं घे," ते म्हणाले.

मी ते घर मागं घेतलं.

ते थांबले. मी मान वळवली नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घशातून एक आवाज आला, तसा आवाज मी कुठल्या पुरुषाच्या तोंडून ऐकला नव्हता. आई आतल्या दारापर्यंत आली आणि तिथेच भिंतीला टेकली. पडद्यावर तो लाल काठ होता.

त्यानंतर घरात दादाचं नाव निघू लागलं. जेवताना बाबा मध्येच म्हणत, "त्याले आंबट वरण आवडे." आई सुरुवातीला उठून जायची. पुढे पुढे तीही भर घालू लागली. एकदा आम्ही करवती काठाबद्दल बोललो: पडद्यावर आधी दात येत की वरची सरळ रेघ? बाबा म्हणाले रेघ, आई म्हणाली दात. मी रोज पाहिलेलं, तरी मला सांगता आलं नाही. आता पाहून यायची सोय नव्हती. ते आईनं मनाला फार लावून घेतलं.

शेठचं काम दोन वर्षांच्या आतच आटलं. त्यांचा दोष नव्हता. हातानं काठ विणणारे गल्लीत उरले नाहीत, आणि छापील साडीला आमच्या नमुन्याची गरज नव्हती. एक दिवस ते स्वतः येऊन सांगून गेले. बाबांची सोसायटीही अर्धा वेळच उघडी असे. मला काटोलच्या शाळेत गणित शिकवायची जागा मिळाली. रोज पहाटेची बस, संत्र्यांच्या हंगामात तिच्यात पोत्यांवर बसून लोक येत. पुढे मी तिथेच खोली घेतली आणि रविवारी घरी येऊ लागले.

मी आले की बाबा आतून कागद आणत. सोसायटीनं मागितलेले नव्हते, कुणीच मागितलेले नव्हते. आठवडाभर बसून त्यांनी काढलेला एखादा काठ असे, पेन्सिलीनं नीट भरलेला.

"कसा झाला?" ते विचारत.

मी कागद खिडकीकडे नेऊन उजेडात धरायची आणि पुष्कळ वेळ पाहायची. मग आई जेवायला हाक मारायची.